कुठेतरी पाणी मुरतंय!

शनिवारची सकाळ. आठवडाभराची थकबाकीची झोप एका हप्त्यात वसूल करायची, असा साधा-सरळ प्लॅन होता. साडेसातला फोन वाजला. स्क्रीनवर 'बाबा'. आमच्या जालन्यात साडेसात म्हणजे अर्धा दिवस संपलेला असतो. पुण्यातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये पोरगी अजून पांघरुणात आहे, ही कल्पनाच तिकडे कुणाला झेपत नाही.

''हौद पुन्हा खडखडीत झालाय,'' बाबा म्हणाले.

''मग टँकर बोलवा ना.''

''अगं, मागच्या शनिवारीच तर भरला होता! बारा-बारा दिवस जायचा आपला हौद. आता सातव्या दिवशी तळ दिसायलाय. हे वरचे काय करायलेत पाण्याचं, काही कळंना. मी तर म्हणतो, त्यांना सांगून टाकावं, दुसरं घर बघा म्हणून.''

'वरचे' म्हणजे आमचे भाडेकरू. तिशीच्या आतलं जोडपं. तो बँकेत, ती घरून काम करणारी, आणि आठ महिन्यांचं बाळ. म्हणजे थोडक्यात तुमच्या-माझ्यासारखेच. बदलीच्या गावात आलेले, महिन्याच्या सुरुवातीला भाडं आणि शेवटी टेन्शन मोजणारे. बाळाचे कपडे, लंगोट, दुपटी... संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं. बाबांनी जिन्याखाली उभं राहून वरच्या बाथरूमच्या पाइपचा आवाज ऐकायला सुरुवात केली होती, हे मला आईकडून कळलं.

आपल्याकडे एखादी गोष्ट खटकली की म्हणतात, 'कुठेतरी पाणी मुरतंय.' या वेळी ते शब्दशः खरं होतं. फक्त कुठे, तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

सोन्याचा पाळणा आणि रिकामा हौद

ज्यांना जालना फक्त स्टेशनच्या पाटीपुरतं माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'जालना, सोने का पालना' ही आमच्या गावाची जुनी ओळख. स्टीलचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, आणि आजूबाजूला मोसंबीच्या बागा. पैसा आहे, धंदा आहे, पण पाण्याचा विषय काढला की आवाज खाली येतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात मी बारावीत होते. नव्या जालन्याची तहान भागवणारा निजामकाळातला घाणेवाडी तलाव तेव्हा आटला होता. अभ्यासाच्या टेबलापेक्षा टँकरच्या रांगेत जास्त वेळ गेला, असं मी आजही गमतीने सांगते. खरं तर त्यात गंमत काहीच नव्हती. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून घाणेवाडीतला गाळ उपसला, आणि २०१३ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणातून पाइपलाइनने पाणी आलं. तरीही सवय मोडली नाही. जालन्यातल्या घरात आजही पाण्याचा हिशोब दुधासारखा ठेवतात. केव्हा आलं, किती आलं, किती दिवस पुरलं.

जगाला हे २०१८ मध्ये कळलं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरात 'डे झीरो', म्हणजे नळ बंद होण्याचा दिवस, तोंडावर आला आणि माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. लोक शॉवरखाली बादली घेऊन उभे राहिले म्हणून जगभर बातम्या झाल्या. माझी आई ते वाचून म्हणाली, ''यात बातमी काय आहे?''

अशा घरात हौद पाच दिवस आधी रिकामा होणं म्हणजे पगार वीस तारखेलाच संपण्यासारखं आहे. आणि पगार असा संपला की आपण आधी घरातल्या माणसांवर संशय घेतो, खिशाला भोक पडलंय का ते बघत नाही!

आधी खडू आणा

त्या रात्री मी बसमध्ये बसले आणि रविवारी सकाळी जालन्यात उतरले. येताना मोबाइलवर भरपूर वाचलं होतं. जवळजवळ सगळीकडे एकच सल्ला होता. घरातले सगळे नळ बंद करा आणि पाण्याचा मीटर बघा. मीटर फिरत असेल तर गळती आहे.

झकास! पण आमच्याकडे मीटर आहे कुठे? आणि असता तरी फार उपयोग नव्हता. मीटर असतो नळाच्या कनेक्शनवर. पाणी आलं की हौदात पडतं, हौदातून मोटरने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि तिथून घरात उतरतं. गळती टाकीच्या पुढे असेल तर मीटर रात्रभर शांत झोपलेला दिसेल.

पण फंडा सोपा आहे. मीटर नसेल तर टाकीलाच मीटर करा. त्यासाठी लागतो खडू, फूटपट्टी आणि एक झोप.

आमच्या घरात तीन जागी पाणी साठतं. अंगणातला हौद, खालच्या मजल्याची गच्चीवरची टाकी आणि भाडेकरूंची वेगळी टाकी. दोन्ही टाक्या एकाच मोटरने एकदम भरतात, त्यामुळे रोज कुणाची किती रिकामी झाली, याचा पत्ता लागत नाही. टँकर मागवला, रविवारी रात्री अकराला दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या, मोटर बंद केली आणि तिन्ही ठिकाणी पाण्याच्या पातळीवर खूण केली. वरच्या वहिनींना विनंती केली, ''सकाळी सहापर्यंत नळ उघडू नका. पिण्याचं आणि बाळाचं पाणी आत्ताच भरून ठेवा.'' त्यांनी कारण विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळलं, कारण त्यांना माहीत होतं. भिंती गळत असोत-नसोत, बोलणी तर गळतातच.

सकाळी सहाला मी आणि बाबा टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो.

हौद : जिथल्या तिथे.
भाडेकरूंची टाकी : जिथल्या तिथे. एक केसभरही खाली नाही.
आमची टाकी : १४ सेंटिमीटर खाली!

बाबांनी फूटपट्टी माझ्या हातातून घेतली, पुन्हा मोजलं. तेवढंच. मग काही न बोलता गच्चीच्या कठड्यावर बसले.

आता हिशोब बघा. आमची टाकी १००० लिटरची, गोल. आतलं क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की १० लिटर गेले. १४ सेंटिमीटर म्हणजे १४० लिटर, तेही सात तासांत. तासाला २०, दिवसाला ४८० लिटर! दहा-अकरा दिवसांत पाच हजार लिटरचा एक अख्खा टँकर आम्ही पैसे मोजून जमिनीला पाजत होतो.

शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं आपल्याकडचं सरकारी मानक आहे. गावांसाठी जल जीवन मिशनचं लक्ष्य माणशी ५५ लिटर. म्हणजे आमच्या गळतीत शहरातली साडेतीन माणसं किंवा खेड्यातली जवळजवळ नऊ माणसं दिवस काढू शकली असती. आणि संशय होता आठ महिन्यांच्या बाळाच्या लंगोटांवर.

एक-एक व्हॉल्व बंद

गळती आहे हे कळलं. आता कुठे? घाईघाईत टाइल्स फोडायला लावणारे लोक इथेच चुकतात. आधी मोहल्ला ठरवा, मग घर नंबर.

टाकीतून पाणी खाली आणणाऱ्या पाइपांवर गच्चीत व्हॉल्व असतात. आमच्याकडे तीन आहेत. स्वयंपाकघर, पुढचं टॉयलेट, आणि मागचं बाथरूम. आम्ही एक-एक बंद करून दोन-दोन तास पातळी बघितली. स्वयंपाकघराचा बंद केला, पातळी उतरतच होती. पुढच्या टॉयलेटचा बंद केला, तरी तेच. मागच्या बाथरूमचा बंद केला आणि पाणी थांबलं! चोर सापडला नव्हता, पण गल्ली सापडली होती.

(सगळेच व्हॉल्व बंद करूनही पातळी उतरत असेल तर गळती टाकीतच किंवा टाकीच्या जोडात आहे. ही पायरी विसरू नका. अनेकदा शोध तिथेच संपतो.)

मग गल्लीतला पहिला संशयित, फ्लश टँक. घरातली सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात शांत गळती हीच. आतला रबरी वॉशर झिजतो किंवा त्यावर क्षार बसतात. मग कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची पातळ चादर सतत उतरत राहते. आवाज नाही, ओल नाही, काही नाही. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात तर वॉशर लवकरच खरखरीत होतो. उपाय साधा आहे. जिलबीत घालतात तो खायचा रंग चमचाभर फ्लश टँकमध्ये टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. पांढऱ्या भांड्यात रंग उतरला तर गळती पक्की. आमचं भांडं पांढरंशुभ्र राहिलं.

बाथरूमच्या भिंती बघितल्या. पोपडे नाहीत, बुरशी नाही. टाइल्सवर चमच्याने टकटक केलं, पोकळ आवाज नाही. मग हे २० लिटर दर तासाला जातंय कुठे?

आईचा कढीपत्ता

बाबांनी ओळखीच्या प्लंबर चाचांना बोलावलं. चाचांनी गॅजेट काढलं. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर! त्याचं टोक बाथरूममधल्या नळाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग बाहेर परसात गेले, तिथल्या नळाला टेकवलं.

''ताई, पाणी बोलता हैं,'' ते म्हणाले. ''हियाँ ज्यादा बोलरा.''

हसू नका. दाबाखालचं पाणी बारीक भोकातून बाहेर पडतं तेव्हा पाइप थरथरतो, आणि लोखंडी पाइप तो आवाज लांबवर नेतो. पाणीपुरवठा खात्याचे लोक जगभर रात्रीच्या शांततेत हेच करत आलेत. आजची महागडी ध्वनियंत्रं म्हणजे त्याच स्क्रू ड्रायव्हरची शिकलेली नातवंडं. प्लास्टिकच्या पाइपमध्ये मात्र हा आवाज लवकर विरतो.

बाथरूममधून एक जुनी जीआय पाइप फरशीखालून परसातल्या धुण्याच्या दगडापर्यंत जात होती. मी शाळेत असताना टाकलेली. ती कुठून जाते, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. चाचा परसात फिरले आणि एका जागी थांबले.

''ये झाड कब से इतना अच्छा हैं?''

आईचा कढीपत्ता! मे महिन्यात, जेव्हा गल्लीतली सगळी झाडं पिवळी पडली होती, तेव्हा आमचा कढीपत्ता हिरवागार, लसलसलेला. अर्धी गल्ली पानं न्यायला यायची. ''माझा हात लागला की झाड जगतं,'' असं आई सगळ्यांना अभिमानाने सांगायची.

चाचांनी झाडापासून दीड फुटावर खणलं. दोन फूट खाली चिखल, आणि चिखलात गंजलेली पाइप. भोक किती मोठं असेल? जेमतेम एक मिलिमीटर. टाचणीच्या डोक्याहून बारीक. दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब मागे असला की एवढ्याशा भोकातून तासाला २० लिटर आरामात जातात.

मग वर ओल का दिसली नाही? उत्तर पायाखाली होतं. आमची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हातभर भेगा पडतात. गळलेलं पाणी भेगांतून सरळ खाली जातं, वर येतच नाही. शिवाय दर वर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने पाइपही हलते, जोड ढिले होतात. मराठवाड्यातल्या ज्या-ज्या घरांची पाइप काळ्या मातीत पुरलेली आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्याकडे ओल दिसणार नाही, कदाचित फक्त एखादं झाड नको इतकं खूश दिसेल.

गंजलेल्या पाइपला पट्टी बांधून काम भागलं असतं. चाचांनी साफ नकार दिला. ''आज एक छेद, कल चार.'' त्यांनी जुनी लाइन बंद करून टाकली आणि नवी प्लास्टिकची पाइप भिंतीवरून, उघडी, डोळ्यांना दिसेल अशी नेली. दिसायला तितकी स्मार्ट नाही. पण गळली तर पाच मिनिटांत कळेल. सगळा खर्च टँकरच्या दोन खेपांच्या आत बसला.

फ्लॅटवाल्यांनो, तुमचं काय?

''आम्ही तर सातव्या मजल्यावर, आमच्याकडे ना परस ना कढीपत्ता,'' असं म्हणून पान उलटू नका. तुमच्याकडे कढीपत्त्याचं काम खालच्या मजल्यावरचे काका करतात. त्यांच्या सीलिंगला डाग पडतो आणि तुमच्या दाराची बेल वाजते. अशा वेळी भांडण्याआधी एक प्रश्न विचारा. डाग कधी वाढतो?

कायम ओला असेल, बाराही महिने, तर पाणी आणणारी पाइप गळतेय. कारण तिच्यात पाणी सतत दाबाखाली असतं. आंघोळी उरकल्यावर वाढत असेल आणि सुट्टीवर गेलात की सुकत असेल, तर पाणी नेणारी लाइन, नहाणी ट्रॅप किंवा टाइल्समधल्या फटी. फक्त पावसाळ्यात उमटत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा गच्ची. तळमजल्याच्या भिंतीला खालून तीनेक फुटांपर्यंतच ओल आणि पांढरी भुकटी असेल, तर जमिनीतलं पाणी भिंत शोषतेय. प्लंबरचा तिथे काही दोष नाही. आणि फक्त एसी चालू असताना ओल येत असेल, तर एसीची ड्रेन पाइप बघा.

कधी-कधी तर गळतीच नसते! बंद खोलीतली वाफ थंड भिंतीवर जमते आणि आपण उगाच मिस्त्री बोलावतो. भिंत कोरडी पुसा, त्यावर स्वयंपाकघरातली फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस थांबा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ओल आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आलं तर खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, विषय संपला.

बाथरूमची फरशी तपासायची तर ट्रॅपचं तोंड कापडाने बंद करा, इंचभर पाणी साठवा, खूण करा आणि चोवीस तास थांबा. शेजारी बादलीत पाणी भरून त्यावरही खूण करा. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन उडतंच. फरशीवरचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तरच गळती धरा. गच्चीलाही हीच परीक्षा.

पुण्या-मुंबईत आता थर्मल कॅमेरेवाले मिळतात. भारी वाटतं, पण लक्षात ठेवा, कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. गीझरच्या गरम पाण्याची लाइन गळत असेल तर तो मस्त पकडतो. साध्या लाइनसाठी त्याच्या जोडीला ओलाव्याचा मीटर हवा. भिंतीत दडलेल्या पाइपची खरी परीक्षा म्हणजे प्रेशर टेस्ट. लाइनची सगळी तोंडं बंद करायची, हातपंपाने दाब भरायचा आणि काटा बघत बसायचं. काटा खाली आला तर लाइन दोषी. फोडाफोडीच्या आधी ही टेस्ट करा, असा आग्रह धरा. ''करायची काय गरज आहे, मला अनुभव आहे'' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि दुसरा बोलवा.

खर्च कुणाचा, हाही प्रश्न येतोच. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइप, ड्रेनेज लाइन आणि गच्चीतून येणारं पावसाचं पाणी ही जबाबदारी सोसायटीची. तुमच्या टॉयलेट-सिंकची आतली गळती तुमची. भाड्याने राहत असाल तर ओल दिसताक्षणी तारखेसह फोटो काढा आणि घरमालकाला मेसेज करा. डिपॉझिट परत घेताना तो फोटोच तुमच्या बाजूने बोलेल.

वीकएंडची चेकलिस्ट

* रात्री सगळे नळ बंद. टाकीवर खूण. सकाळी मोजा. लांबी गुणिले रुंदी (मीटरमध्ये) गुणिले १०, म्हणजे एक सेंटिमीटरमागे गेलेले लिटर. गोल टाकी असेल तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३१.४.
* प्रेशर पंप असेल तर रात्री कान द्या. कुणी नळ उघडलेला नसताना पंप मध्येच चालू होतोय? पाणी कुठेतरी जातंय.
* टाकीची ओव्हरफ्लो पाइप बघा. बॉल कॉक अडकला की पाणी तिथून गुपचूप गच्चीवर आणि गटारात जातं.
* सिंकखालच्या जोडांना कोरडा टिश्यू पेपर लावा. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदाला दिसतो.
* नळापासून हौदापर्यंतची पाइप फक्त पाणी येतं तेव्हाच गळते, म्हणून ती त्याच दिवशी तपासा. ही सर्वात महत्त्वाची. पाणी गेल्यावर पाइप रिकामी होते आणि त्याच भोकातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. पाण्याला वास आला, गढूळ आलं किंवा घरात पोटं बिघडली तर आधी पाणी उकळा, मग गळती शोधा.
* ओल स्विचबोर्डजवळ असेल तर आधी मेन स्विच बंद, मग इलेक्ट्रिशियन, आणि मग प्लंबर. या क्रमात बदल नाही.

आणि वरचे?

सोमवारी संध्याकाळी निघायच्या आधी मी बाबांना म्हटलं, ''आता वर जाऊन सांगा त्यांना.''

''काय सांगायचं?''

''की चूक आपल्या पाइपची होती.''

बाबांच्या पिढीत 'सॉरी' हा शब्द नाही. त्यांनी पेपर उघडला, पुन्हा घडी केली, परसात गेले. कढीपत्त्याच्या चांगल्या डहाळ्या तोडल्या, पिशवीत पाच-सहा मोसंबी टाकल्या आणि जिना चढले. मी खालून कान दिला. (हो, जिन्याखाली उभं राहून. सवय घरातलीच!)

''बाळाला मोसंबीचा रस द्या थोडा-थोडा, चालत असेल तर,'' बाबा म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, ''ते पाण्याचं... आमच्याच लाइनला भोक होतं. तुमची टाकी एकदम चोख आहे. मी उगाच काहीबाही बोललो असेन.''

''नाही हो काका, तसं काही नाही,'' तो म्हणाला. त्याची बायको मात्र बोलली. हळूच, पण स्पष्ट. ''काका, मी दोन महिने कपडे एकदाच पिळून वाळत घालत होते. मशीनचं पाणी तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.''

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. ४८० लिटरचा हिशोब खडूने लागतो. दोन महिने एखाद्या घरात जीव मुठीत धरून नळ उघडण्याचा हिशोब लागत नाही.

परवा आईचा फोन होता. हौद पुन्हा बारा दिवस जातोय. कढीपत्ता मात्र मलूल झालाय. आता भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी ती त्याला घालते, आणि वरून वहिनीही बाळाच्या आंघोळीचं पाणी बादलीने आणून घालते. दोघी मिळून झाड जगवणार म्हणे.

तेव्हा मंडळी, या शनिवारी रात्री बाहेर पडण्याआधी टाकीवर खडूची एक रेघ मारून जा. आणि घरात कशाचाही हिशोब लागेनासा झाला, तर माणसांकडे बोट दाखवण्याआधी पाइप तपासा. पाइपला वाईट वाटत नाही.